बारशाच्या दिवशीचा ताबा

कल्याणच्या मुन्सफ कोर्टाच्या ओट्यावर नारोपंत सोबतीला शिपाई मागायचा अर्ज घेऊन सकाळपासून बसले होते. भाडेकऱ्यानं कोयता दाखवल्यापासून कळव्याच्या स्वतःच्याच घराकडे फिरकायची त्यांची छाती नव्हती. शेजारी दोन म्हातारे बोलत होते.

"काय बाळंभट, मिळाला घराचा ताबा?"

"कुठला! हुकूम घेऊन बेलीफ गेला, तर आत बाळंतीण. सोयराच्या घरात तो पाऊल टाकेना."

"मग सोयर फिटल्यावर जायचं."

"गेलो की बाराव्या दिवशी. तर बारसं! दारात बायकाच बायका."

"तो भाडेकरू तुम्हाला कापीन म्हणाला होता ना? कोयता होता हातात?"

"पाळण्याखाली होता. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेला."

"मग काढायचं होतं बाहेर!"

"काढतो कसला! पोरीला आत्या नाही. कानात नाव सांगायला आमच्याच मंडळींना बोलावून नेलेलं. पाळण्याची दोरी हिच्या हातात, हुकूम माझ्या हातात. बेलीफ घुगऱ्या खात बसला."

"मग आज इथं कशाला?"

"त्यालाच मुदत वाढवून मागायला."

नारोपंतांना राहवलं नाही. "अहो, नाव काय ठेवलं पोरीचं?"

बाळंभटांनी ओट्याखालचे जोडे पायानं सरळ केले.

"आमची लेक दुर्गी गेली ना गेल्या साली, तिचं."