आजी, जरा थांब

शिनचू शहरात डंपलिंगच्या दुकानापुढच्या रांगेत एकाच ऑफिसातले दोन इंजिनियर उभे होते. त्यातला धाकटा वैतागलेला होता.

"दादा, बोलणं ऐकून लिहून काढणारं तयार मॉडेल घरच्या कंप्युटरवर उतरवलंय. आजीच्या हक्का बोलीतल्या आठवणींसाठी."

"मग चालतंय का?"

"तीन आठवडे झाले. आधी त्याला लागणारं पायथन सॉफ्टवेअरच फार नवं निघालं. जुनं घातलं, तर त्यातली कोडची लायब्ररी रुसली. तिची समजूत काढली, तर आता ग्राफिक कार्ड अडून बसलंय."

"आणि आजी?"

"ती रोज विचारते, बोलू का? मी म्हणतो, जरा थांब."

"वय काय तिचं?"

"एक्याण्णव."

"तुला हक्का कळते ना?"

"कळते की. तिच्याच मांडीवर शिकलोय."

"मग तूच बस ना लिहून घ्यायला."

रांग दोन पावलं पुढे सरकली, तरी धाकटा जागचा हलला नाही.

"म्हणजे, हातानं?"