प्रोटीनचा डबा

सायकलवाल्यांना ती प्रोटीनची पावडर लागतेच का, ते मला विचारा. आमचे हे दर रविवारी सायकलनं तंजावूरहून पापनाशमला जाऊन येतात. आले की दोन चमचे पावडर दुधात घालून घटाघट पितात, पूर्वी तर नाक दाबून. "हिच्यामुळेच पाय दुखत नाहीत!"

परवा यांचे सायकलमित्र जेवायला आले. यांनी डबा नाचवत पावडरीचे गोडवे गायले. मी तोच डबा घेतला, चार चमचे दह्यात कालवले आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी ओतली.

"अगं, हे काय?"

"डांगर. पावडर महिन्यापूर्वीच संपली. डबा धुऊन मी त्यात भाजल्या उडदाचं पीठ भरलंय."

मित्र खो खो हसले. हे मात्र गंभीर.

"तरीच! महिनाभर नाक दाबावं लागलं नाही."