जेनाची दोरी

हिल्डा : मी कुठं डोकावले पातेल्यात?

टॅमसिन : आल्यापासून तेच चाललंय, मिसेस ट्रेवीन. बटाट्याचं सूप आहे ते. बसा.

हिल्डा : मी चॅपलला प्रार्थनेला जाणारी बाई. चेटकिणीच्या दारात आले हे गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही. पण जेना तुमच्या पंथातली, म्हणून माझ्या पेरनच्या लग्नात तूच त्याचे नि तिचे हात दोरीनं बांधलेस. वसंतात जेनाला माती दिली आपण. आता माझ्या लेकाला सोडव.

टॅमसिन : कशातून?

हिल्डा : तिच्यातून. ती ओढतेय त्याला. खात नाही, बोटीवर जात नाही. रोज संध्याकाळी दोन कप चहा करतो. एक स्वतःला, एक तिच्या रिकाम्या खुर्चीपुढं. तुझ्या सैतानाला सांग, पुरे झालं.

टॅमसिन : सैतान तुमच्या चॅपलमध्ये असतो हो, आमच्यात नाही. आम्ही निसर्गाला पुजणारे, आम्हाला एक देवी, एक देव आणि वर्षाचे सण. एरवी मी शाळेची बस चालवते.

हिल्डा : आणि उघड्या अंगानं नाचता ते?

टॅमसिन : नाचणारे नाचतात कुठं कुठं. आम्हाला इथल्या वाऱ्यात दोन स्वेटरही पुरत नाहीत.

हिल्डा : थट्टा नको. दोरी बांधताना म्हटलास तो मंत्र उलटा म्हण.

टॅमसिन : कुणाचं वाईट करायचं नाही, हा आमचा नियम. माणसाला न विचारता त्याच्या मनात हात घालणं हेही वाईटच. पेरननं सांगितलंय का, मला सोडव म्हणून?

हिल्डा : नाही.

टॅमसिन : मग झालं तर. प्रेम आहे तोवर एकमेकांचे, अशी शपथ त्यांनी घेतली. ती तोंडानं घेतली, दोरी नुसती साक्षीला. ती त्याच्या खणात असू द्या.

हिल्डा : खणात नाहीये.

(पिशवीतून दोरीचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवते.)

टॅमसिन : कुणी कापली?

हिल्डा : मी. रविवारी, आधी प्रार्थना म्हटली नि मग शिवणाच्या कात्रीनं.

टॅमसिन : मग?

हिल्डा : त्या संध्याकाळीही त्यानं दोन कप मांडले. म्हटलं, जिनं बांधली तिच्याच हातानं सुटत असेल.

टॅमसिन : ऑक्टोबर सरताना आम्ही गेलेल्यांसाठी एक ताट वाढतो. जेना तिच्या आजीसाठी वाढायची.

हिल्डा : म्हणजे ते कपाचं तुमच्यातलंच काहीतरी?

टॅमसिन : आमचं ताट वर्षातून एकदा. रोजचा कप त्याचा त्याचा आहे. त्याला तिची आठवण येते, मिसेस ट्रेवीन. दुसरं काही नाही.

हिल्डा : ही जोडता येईल? त्याला कळलं तर माझं तोंड बघणार नाही तो.

टॅमसिन : गाठ मारता येईल, पण गाठ दिसेल. आधी तुम्ही सांगा त्याला.

हिल्डा : कधी सांगू? बोलतच नाही तो.

टॅमसिन : तो चहा करतो तेव्हा तुम्ही कुठं असता?

हिल्डा : वर, माझ्या खोलीत. बघवत नाही मला.

टॅमसिन : रोज?

हिल्डा : रोज.

टॅमसिन : सूप घेता थोडं?

हिल्डा : नको. ते तुकडे दे इकडे. चहाची वेळ होईल आता, तिसरा कप काढायचाय मला.