चहाच्या रंगाचा संघ

ऑस्ट्रेलियातल्या वॅलारी गावात बेकरीच्या रांगेत नेरिडा तिथल्या फ्रीजमधली विकतच्या पाण्याची बाटली घेऊन उभी होती. पुढे कोरल आणि थेल्मा, दोघी सत्तरीच्या, गावाच्या लॉन बोल्स संघातल्या; पांढऱ्या कपड्यांत हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा हा खेळ.

“तुझ्या गुडघ्याला कालच दुखायचं होतं, थेल्मा! सामन्याला आलेल्या कुरिंगाच्या बायकांची तोंडं बघायला हवी होतीस.”

“आधी सांग कोरल, यंदाही ‘चहावाल्या आल्या’ म्हणाल्या का?”

“कशाच्या जोरावर म्हणतील? सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र! लिंबू चोळून डाग काढले आणि नव्या पाइपांच्या पाण्यात धुतले.”

“जुन्या पाइपांतल्या मेल्या गंजाने कपड्यांची वाट लावली होती, अगदी चहाचा रंग!”

“त्यांच्या मार्जरीने नेहमीसारखे घरून पाण्याचे कॅन आणले होते. मी तिच्यादेखत नळाचं पाणी घेतलं आणि गटागटा प्यायले.”

“शाब्बास! मग?”

“मग काय, ऊन मी म्हणत होतं. दुपारी त्यांचे कॅन संपले. आधी एक आली, मग सगळ्या आपल्या नळावर. शेवटी मार्जरी.”

“प्यायली?”

“प्यायली, ओठ पुसले, आणि सगळे कॅन आपल्या नळाखाली लावले. घरी न्यायला!”

“अगं बाई! मार्जरीने?”

“तिनेच. वर म्हणते, आमच्यापेक्षा गोड आहे गं.”

नेरिडाने हातातली बाटली हळूच फ्रीजमध्ये परत ठेवली.

“बरं, आणि सामना?”

“सामना होय? तो सपाटून हरलो!” कोरल अख्ख्या बेकरीला ऐकू जाईल अशी हसली.