शरयूताईंचं रेटिंग

मंडळी, मला एक सांगा — ज्याला थोडंच येतं, त्यानं दुसऱ्याला शिकवावं का? की सगळं येईपर्यंत तोंड मिटून बसावं? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या!

आज मी वेगळंच आख्यान लावायचं ठरवून आलो होतो. नाही लावत! दुपारी गिरणीवाल्या सदूभाऊंकडे जेवायला बसलो, वाढता वाढता त्यांनी तुमच्याच गावची गोष्ट सांगितली — आणि मी भरल्या ताटावरून उठलो. म्हणून आज देवादिकांची कथा नाही, तुमची कथा! पेटीवाले, सूर सांभाळा. माझी पट्टी आज चढणार आहे.

ह्याच सभामंडपात, त्या पलीकडच्या खांबाशी, शरयूताई बर्डे मुलांना बुद्धिबळ शिकवायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. स्वतः स्पर्धा खेळल्या, बऱ्याच हरल्या! आता बुद्धिबळात असं असतं, खेळाडूच्या जिंकण्या-हरण्यावरून त्याला एक आकडा चिकटवतात. त्याला म्हणतात रेटिंग. ताईंचं रेटिंग अगदी तळाला. पण त्यांच्या वर्गाची रीत ऐका! डाव संपला की जिंकलेल्यानं उठायचं नाही. हरलेल्याची एक चांगली चाल शोधायची, त्याला सांगायची, मगच उठायचं. "अगं, तुझा घोडा तिथं आला ना, मी घाबरलेच होते!" हरलेलं पोर हसत घरी जायचं हो! तुमच्यात बांधाचा दावा जिंकून आलेला कुणी असं बोलतो का भावाशी?

त्या वर्गात नव्यानंच आलेली सदूभाऊंची धाकटी, जुईली. चारचौघांत तोंड उघडायची नाही. पण पटावर बसली की बोलायची. "ताई, मला उंट आवडतो. तो सरळ जातच नाही!"

एके दिवशी ताई ह्या देवळाच्या विश्वस्तांकडे, आप्पासाहेब टिळेकरांकडे गेल्या. म्हणाल्या, "मोठी मुलं आता माझ्या पुढं गेलीत. त्यांना लागतं तेवढं मला येत नाही. त्यांच्यासाठी कुणी चांगला खेळाडू आणा. नवी मुलं मी बघते."

केवढं बोलली ती बाई! आणि आप्पासाहेबांनी ऐकलं काय? "बाई स्वतःच म्हणतात, मला येत नाही!" झालं! सभा भरली, ठराव झाला, शरयूताईंना शाल दिली. हाकलायचं, आणि वर थंडी वाजू नये म्हणून शाल! काय ही माया!

शहरातून पराग सबनीस आले. रेटिंग मोठं. खेळ? हात जोडावेत असा! मोठी मुलं त्यांच्या हाताखाली तयार झाली, बक्षिसं आणू लागली. खोटं कशाला बोलू? पण नवी पोरंही त्यांच्याच पुढ्यात बसवलीत तुम्ही! त्या माणसाला शिकून इतका काळ लोटला, की काही न येणं म्हणजे काय असतं, हे तो विसरून गेला होता.

स्पर्धेत नियम असतो — सोंगटीला हात लागला की तीच खेळायची. नियम योग्यच आहे. पण काल पट पाहिलेल्या पोराला तो असा शिकवायचा? जुईलीनं उंटाला बोट लावलं, की सबनीस ओरडले, "शिवलंस! आता खेळ! बघा रे, उंट फुकट देते!" पोरं हसली. पुढच्या खेपेला वजीर गेला. परत हशा! मग जुईली हात मांडीखाली दाबून बसायला लागली. कुणाला दिसलं? कुणाला नाही! बक्षिसं मोजत होतात ना!

तालुक्याला स्पर्धा झाली. जुईलीकडे पांढऱ्या सोंगट्या आल्या, म्हणजे पहिली चाल तिची. घड्याळ सुरू झालं. शेजारच्या पटांवर टकटक चाललीय, आणि हिचे हात मांडीखाली! पंच वाकून म्हणाले, "बाळ, तुझी चाल आहे." समोरचा मुलगाच कळवळला, "खेळ ना गं, मी हसणार नाही!" हात तिथंच. वेळ संपली, डाव गेला. एक प्यादं हललं नाही, मंडळी! पोर न खेळता हरली!

घरी येऊन म्हणाली, "मला काहीच येत नाही." आता शाळेत फळ्यापाशीसुद्धा जात नाही.

आणि विश्वस्त काय म्हणाले? "पायाच कच्चा! त्या कमी रेटिंगच्या बाईनं बिघडवली!" अहो, लाज! गोकुळात देवाला पहिलं पाऊल टाकायला कुणी शिकवलं? त्याच्या आईनं! काढा त्या माउलीचं रेटिंग! करा तिच्यावर ठराव!

हे कळल्यावर शरयूताई जुईलीकडे गेल्या. पट मांडला. पोरीचे हात मांडीखालीच.

"आज खेळायचं नाही," ताई म्हणाल्या. "नुसता हात लावायचा."

"मग खेळावं लागेल."

"आपल्या दोघींत नाही." ताईंनी सगळ्या सोंगट्यांवरून हात फिरवला, वजीर उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. पोरीनं कितीतरी वेळानं एक हात बाहेर काढला. उंटावर बोट टेकवलं, आणि ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली — आता ओरडतील! कुणी ओरडलं नाही. तेव्हा कुठं पोर रडली हो!

सबनीसांना मी सुनावीन, पण माझा राग तुमच्यावर आहे! विचारलं होतं ना, थोडं येणाऱ्यानं शिकवावं का? शिकवावं! खुशाल शिकवावं! जिथं आपलं संपतं तिथं "माझं संपलं" म्हणायची छाती असावी, बस्स! शरयूताईंना ती होती. तिचीच शिक्षा दिलीत तुम्ही! आता ह्या गावात पुन्हा कोण म्हणेल "मला येत नाही"? मास्तर म्हणेल? डॉक्टर म्हणेल? उद्या मी तरी म्हणेन का? जो तो ठोकून देईल, आणि तुमची पोरं ते गिळतील!

आरती पेटवू नका अजून! आप्पासाहेब, उठा. इकडे नका येऊ, माझ्या पाया पडून काय होणार? तिकडे बायकांत, मागच्या रांगेत शरयूताई बसल्यात. तिथवर चालत जा आणि "चुकलं" म्हणा. एवढा एकच शब्द. बाकीच्यांनी हसू नका, ठरावाला हात तुम्हीही वर केले होते. तुम्हीही उठा!

काय म्हणता? जड जातंय? जाऊ द्या वेळ. आम्ही बसलोय. देवालाही घाई नाही.