चौदा तारखेची रेती

पाणी गार होतं का? एवढंच तर विचारलं होतं मी. तार घेऊन आलेल्याला विचारलं, दादाची पेटी घेऊन आलेल्या तुमच्या शिपायाला विचारलं, पोस्टमास्तराकडून तुमच्या कचेरीला दोन पत्रं लिहून घेतली — कुणीच जवाब दिला न्हाई. तुमीबी चष्माच पुसायलात. ऱ्हाऊ द्या. बसा साहेब, बाजेवर बसा. परभणीपासून पेडगावापर्यंत मोटरीत हाडं खिळखिळी झाली असतील. चहा गुळाचा हाय, चालंल ना?

रेतीची बाटली न्हाई म्हणून सांगितलं की. पेटीत न्हवतीच. कपडे होते, वह्या होत्या, ही चित्रं होती — घेऊन जा. काय म्हणता, नुसत्या चित्रावर भागत न्हाई? काऊन भागत न्हाई? सूर्यभानदादानं एकएक रेघ मोजून काढली हाय. दिवाळीला आला तवा ह्याच बाजेवर पसरली होती. म्हणला, चंद्रभान, हे समुद्राच्या तळाचं शेवाळ, रेतीच्या एका कणावर ह्याचं अख्खं गाव बसतं. मी म्हणलो, एवढा शिकून शेवाळ खरडायला गेलास व्हय? ते तर आपल्या हौदाला फुकट येतं! लय हसला. म्हणला, ह्याचं घर काचेचं असतं — कुंकवाच्या करंड्यावानी, खाली डबी, वर झाकण, म्हणून ह्याला करंडक म्हणायचं. अन् मलाच विचारलं, तू टाळकी ज्वारी कोणती अन् दगडी कोणती, कसं ओळखतो? मी तिसरी नापास, तेबी उर्दूत — पण ज्वारीतलं मला विचारा. म्हणलं, कणसाचा आकार बघायचा, दाणा किती झाकलेला ते बघायचं. म्हणला, तसंच हाय हे. आकार बघायचा, रेघा मोजायच्या, अन् जुन्या कोणाशीच जमलं न्हाई, तर वाण नवा.

हे बघा, हे चित्र. ह्याच्या एका टोकाला रेघाच न्हाईत. कोरं. मी म्हणलो, उंदरानं कुरतडलंय. म्हणला, एखाद्याला कुरतडंल रे, सगळ्यांना कसं कुरतडंल? पण मला अजून रेती पायजे. होडीतून दोरीनं डबा सोडतो, तो वर येईस्तोवर वरची निम्मी रेती वाहून जाती, अन् हे ऱ्हातं वरच्याच थरात.

तुमी म्हणता, त्याला बुडी मारायला कुणीच सांगितलं न्हवतं. खरं हाय, तुमच्या कचेरीत न्हसंल सांगितलं कुणी.

मी सांगितलं.

आमच्या विहिरीत तशी पैजच असायची — तळाचा गाळ मुठीत आणला तरच बुडी खरी, न्हाईतर लबाड. धाकटा असून मीच शिकवलं त्याला, तो लय भ्यायचा. तर मी म्हणलो, काय बायकांवानी डबा सोडतो, मूठ भरून आण की! असं म्हणलो. हसत म्हणलो, साहेब. तुमचा शिपाई सांगत होता — पहिल्या बुडीत मूठभर रेती आणली, होडीवाल्याच्या हातानं बाटलीत भरली, नासू नये म्हणून औषध घातलं, वर कागद चिकटवून तारीख लिहिली. मग दुसऱ्यांदा गेला. चौदा तारीख. तारेतबी चौदाच. पोस्टमास्तरानं दोनीबी तारखा वाचून दाखवल्या मला, तारेतली अन् बाटलीवरची.

हां — म्हंजे होती बाटली. लबाडी केली मी. होती.

पण ऐका की. मुर्दा मिळाला न्हाई. भुजंगकाका म्हणले, पळसाच्या पानांचा पुतळा कर, त्याला अग्नी दे, रीतच हाय. केला. जळून मूठभर राख झाली. माय ती राख हातात घीना. म्हणायलीय, पानाची राख हाय ही, माझं लेकरू न्हाई. चार दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण न्हाई. मग मी म्हणलो, माय, थांब. जितं दादा हाय तितलीच रेती हाय माझ्यापाशी. त्याच दिवसाची. ती घेऊन गंगाखेडला जातो. तवा कुठं माय भाकर जेवली.

बघू नका असं. नवा वाण हाय, दादाचं नाव लागणार होतं, हे मालूम होतं मला. दादानंच सांगितलं होतं, नमुना गेला तर सगळं गेलं. समोर माय होती, साहेब. तुमी काय केलं असतं?

काय म्हणता? बाटलीच्या बुडाला एखादा कण चिकटला असंल? एक कणबी पुरे?

उठा तुमी. पाचची मोटर जाईल. बाटली खुशाल घेऊन जा, त्या कोनाड्यात हाय, पण तिच्यात काय न्हाई. गोदागंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभा ऱ्हायलो, टोपण काढलं — वासानं डोळे चरचरले — सगळी रेती सोडली, अन् मग आत बोट फिरवून बाटली दोनदा धुतली, दादाचा एकबी कण मागं ऱ्हाऊ नये म्हणून.