नववा खेळाडू

सॉफ्टबॉलचं अंपायरिंग म्हणजे काय, ते मला विचारा. त्यातून पुरुषांचं फास्टपिच! तो सुसाट बॉल आता कुणाला झेपत नाही, सगळे क्रिकेटकडे पळाले. परवा अबुधाबीहून मॅचसाठी रुवैस गावी गेलो; टीमला नऊ लागतात, तर आमच्या दिनेशच्या टीमचे आठच जमले.

दिनेश म्हणाला, “हबीबी, तूच नववा हो.”

“अरे, मी अंपायर आहे!”

“मग? दोन्ही कर.”

समोरचा कॅप्टनही लगेच कबूल. बिचाऱ्याला खेळायला मिळाल्याशी मतलब.

मॅच ऐन रंगात असताना मी रन पुरा करायला होमप्लेटकडे, म्हणजे बॅटिंगच्या जागेकडे, घसरत निघालो. पोचायच्या आतच कॅचरने, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरने, बॉल माझ्या गुडघ्याला टेकवला. सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मी वाळूत पडल्यापडल्या मूठ वर केली, “आऊट!”

दिनेश धावत आला. “आंधळ्या! स्वतःलाच आऊट देतोस?”

अंपायरला शिवी दिली की मैदानाबाहेर. काढला त्याला! आम्ही उरलो आठ, मॅच खलास.

आणि अबुधाबीला परतायला गाडी दिनेशचीच! अल रीमला माझ्या घरापाशी मला उतरवताना पठ्ठ्या विचारतो, “पुढच्या रविवारी येतोस ना?”

“राग गेला?”

“राग कसला जातोय! पण तुला सोडला, तर नववा कुठून आणू, आणि शिव्या कुणाला देऊ?”